आधी माणूस, देश नंतर

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

“माझं वय ५८. लहानपणापासून कादंबऱ्या वाचत आले, पण त्या मराठीतल्याच. नोकरीतून मोकळी झाले तेव्हा ठरवलं, आता जगात आज काय लिहिलं जातंय ते वाचायचं. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. मुलीने मोठी बक्षिसं मिळालेल्या लेखकांची यादी काढून दिली. त्यातल्या तीन कादंबऱ्या घेतल्या: ‘फ्लाइट्स’, ‘सतानटँगो’ आणि ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’. पहिलीत गोष्ट सुरू होते आणि मध्येच हातातून सुटते. दुसरीत परिच्छेदच पडत नाहीत, श्वास घ्यायला जागा नाही. तिसरी विसाव्या पानावर मिटली, रात्री झोप लागेना. परकी नावं लक्षात राहत नाहीत, त्या देशांचा इतिहास ठाऊक नाही. माझीच समज तोकडी पडते का? पाच-सहा नावं सुचवा, पण पुरी होतील अशी. आणि एक विचारते, आजच्या कादंबऱ्या सगळ्या इतक्या दुःखी का असतात?”

ताई,

समज तोकडी पडते का, या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात घेऊन कुठलंच पुस्तक धड वाचता येत नाही. तुमची समज अगदी जागेवर आहे. तिन्ही पुस्तकं का बंद केलीत ते तुम्ही एकेका वाक्यात सांगितलंत आणि तिन्ही वेळा नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. जिला पुस्तक कळलं नाही तिला हे सांगता आलं नसतं.

मुलीचंही चुकलं नाही. तिने दिलेली तिन्ही पुस्तकं थोर आहेत. फक्त पोहायला शिकणाऱ्याला डोहात उतरवावं तसं झालं. ‘फ्लाइट्स’ ही पोलंडच्या ओल्गा तोकारचुक यांची २००७ सालची कादंबरी, तिला २०१८चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, म्हणजे इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांसाठीचं बक्षीस. शंभरावर लहानमोठे तुकडे आहेत तिच्यात. एका बेटावर एका माणसाची बायको आणि मूल दिसेनासं होतं, तो शोधत राहतो आणि तुमचा जीव टांगणीला लागलेला असतानाच लेखिका ती गोष्ट सोडून भलतीकडे निघून जाते. बऱ्याच पानांनंतर परत येते. हे तिने मुद्दाम केलंय, कारण पुस्तकाचा विषयच भटकणं आहे. ‘सतानटँगो’ हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काई यांची, १९८५ची. त्यांना २०२५चं नोबेल मिळालं म्हणून ती यादीत आली असणार. तिचं प्रत्येक प्रकरण म्हणजे एकच सलग परिच्छेद. तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळाली नाही, कारण तिथे ती ठेवलेलीच नाही. चिखलात रुतलेल्या वस्तीतल्या माणसांची ती गोष्ट आहे आणि वाचणाऱ्यानेही रुतावं असा लेखकाचा आग्रह आहे. ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’बद्दल मात्र शेवटी बोलू. ती तुम्ही सोडलेली नाही, लांबणीवर टाकली आहे, असं मी धरून चालते.

यादी बक्षिसांवरून काढली की हे होतं. पुस्तक चांगलं आहे एवढं बक्षीस सांगतं. ते कुणी कधी वाचावं हे बक्षिसाला सांगता येत नाही. मीही एकदा असंच केलं होतं. चिलीत जन्मलेल्या रोबेर्तो बोलान्यो यांची ‘२६६६’ नावाची कादंबरी आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर २००४ साली आलेली, नऊशे पानांच्या आसपास. परकं साहित्य वाचायचं तर सर्वात मोठ्यापासून सुरुवात करू, म्हणून मी तीच उचलली. पाच भागांपैकी चौथ्या भागात एकामागून एक बायकांच्या खुनांच्या नोंदी येतात, शेकडो पानं. त्या भागात मी अडकले आणि नंतर कित्येक महिने कादंबरी हातात धरवेना. पुस्तक वाईट नव्हतं, माझी वेळ चुकली होती. तेव्हापासून कुणी नावं विचारली की मी आधी देश विचारत नाही, बक्षीस विचारत नाही. मी एवढंच बघते, की पहिल्या दहा पानांत एक माणूस भेटतो का, आणि त्याच्यापुढे काही काम किंवा काही पेच आहे का. कोळसा पोचवायचाय, मुलाला वेळेवर जेवू घालायचंय, विमानतळाबाहेर पडायचंय. असं काही असेल, तर तो माणूस आयर्लंडचा असो की झांझिबारचा, तुम्ही त्याच्यामागे चालू लागता आणि त्याचा देश आपोआप दिसायला लागतो. तुम्ही आजवर मराठी कादंबऱ्या अशाच वाचल्यात. नायकाच्या गावाचा इतिहास आधी पाठ करून कुणी कादंबरी उघडत नाही.

म्हणून माझं पहिलं नाव: क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. २०२१ साली आली, सव्वाशे पानंही नाहीत, आणि २०२२च्या बुकरच्या, म्हणजे मूळ इंग्रजी कादंबऱ्यांसाठीच्या बक्षिसाच्या, अंतिम यादीत होती. इंग्रजी इतकं नितळ आहे की सावकाश वाचणाऱ्याला त्याचा फायदाच होतो. घाईने वाचणाऱ्याच्या हातून यातलं निम्मं निसटेल.

साल १९८५, आयर्लंडमधलं न्यू रॉस नावाचं लहान गाव, नाताळ जवळ आलेला. बिल फर्लाँग कोळसा आणि लाकूडफाटा विकतो. बायको आयलीन, पाच मुली. कर्ज नाही, पण शिल्लकही फार नाही. त्याची आई एका श्रीमंत विधवेकडे घरकामाला होती, लग्नाआधीच दिवस गेले, तरी त्या बाईने तिला हाकलून दिलं नाही. बाप कोण हे फर्लाँगला कधी कळलं नाही. लहानपणी एका नाताळात त्याने वडील मागितले होते, आणि ते जमत नसेल तर पाचशे तुकड्यांचं एक चित्रकोडं. मिळालं काय, तर नखं घासायचा ब्रश आणि साबण. कोळशाने काळे झालेले हात रोज धुणारा हा मोठा माणूस आपण पाहतो, तेव्हा तो ब्रश आठवतो. लेखिका स्वतः आठवण करून देत नाही. ते काम ती तुमच्यावर सोपवते, आणि कादंबरी आपली होते ती अशा ठिकाणी.

एका पहाटे तो टेकडीवरच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, कोळसा पोचवायला जातो, कोळशाच्या खोलीचं दार उघडतो आणि आत एक मुलगी कोंडलेली दिसते. पुढे तो काय करतो, एवढीच गोष्ट. पण गुंता बघा. त्याच्या मुलींची शाळा त्याच नन्सच्या वजनाखाली आहे. गावात धंदा करायचाय. आयलीन म्हणते, संसार चालवायचा तर काही गोष्टींकडे काणाडोळा करावा लागतो. आणि आयलीन दुष्ट नाही, ताई. तिला पाच मुली आहेत.

इतिहास ठाऊक नाही म्हणता, तर इथे लागतो तेवढा इतिहास दोन वाक्यांचा. आयर्लंडमध्ये मॅग्डलिन लाँड्री नावाच्या संस्था होत्या, नन्स चालवत असलेल्या, जिथे ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुलींना आणि बायकांना ठेवून त्यांच्याकडून बिनपगारी धुणी धुऊन घेतली जात. शेवटची १९९६ साली बंद झाली, सरकारने जाहीर माफी मागितली २०१३ साली. हेही पुस्तकाच्या शेवटच्या टिपेत दिलेलं आहे. आधी वाचायची गरज नाही. फर्लाँगला जेवढं माहीत आहे तेवढ्यावरच तुम्हीही चाला.

दुसरं नाव जपानचं: योको ओगावा यांची ‘द हाउसकीपर अँड द प्रोफेसर’. मूळ जपानी २००३, इंग्रजी अनुवाद स्टीफन स्नायडर यांचा. २००४ साली जपानमध्ये पुस्तक-विक्रेत्यांनी आपल्या पसंतीचं बक्षीस पहिल्यांदा सुरू केलं, ते हिला मिळालं. ही मी मुद्दाम कीगननंतर ठेवते, कारण तुमच्या ‘सगळं दुःखीच का’ या प्रश्नाला तिच्याइतकं चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

गणिताचा एक म्हातारा प्राध्यापक. १९७५ साली मोटार अपघात झाला, तेव्हापासून त्याची नवी आठवण फक्त ऐंशी मिनिटं टिकते. कोटावर सगळीकडे चिठ्ठ्या टाचलेल्या, त्यातली एक सांगते की तुझी स्मृती ऐंशी मिनिटांचीच आहे. त्याच्याकडे घरकामाला नवी बाई येते. रोज सकाळी ती त्याला अनोळखी. रोज तो दारातच विचारतो, तुमच्या चपलेचं माप काय? ती म्हणते, चोवीस. तो खूश होतो: एक गुणिले दोन गुणिले तीन गुणिले चार, वा, भक्कम आकडा आहे! नवख्या माणसाशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही, म्हणून तो आकड्यांचा आधार घेतो. बाईंना दहा वर्षांचा मुलगा आहे. त्याचं डोकं वरून सपाट, म्हणून प्राध्यापक त्याचं नाव ठेवतो ‘रूट’, वर्गमुळाच्या चिन्हावरून.

एक प्रसंग सांगते आणि पुढे जाते. बाईंचा वाढदिवस २० फेब्रुवारीचा, म्हणजे २२०. प्राध्यापकाच्या जुन्या घड्याळावर एक आकडा कोरलेला आहे, २८४. तो तिला कागद देतो आणि खुद्द २२० सोडून ज्यांनी २२०ला निःशेष भाग जातो त्या संख्या शोधायला सांगतो. १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. बेरीज करा: २८४. आता २८४च्या: १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०. अशा जोड्यांना मित्र-संख्या म्हणतात आणि त्या फार थोड्या सापडतात. वाचताना मी खरोखर पेन्सिल घेऊन बेरीज केली होती, तुम्हीही करा. जेमतेम शाळा झालेली, एकटीने मूल वाढवणारी ती बाई त्या कागदाकडे बघत राहते आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला कशाशी तरी जोडलं, असं तिला वाटतं. पुढच्या ऐंशी मिनिटांत तो हे विसरणार आहे. मग हे दुःखी पुस्तक म्हणायचं का? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं. झोप मात्र छान लागली होती.

आणि नावांचा प्रश्नच इथे मिटतो. प्राध्यापक, बाई, रूट. बस.

आता दुःखाबद्दल. मला वाटतं तुम्ही जे अनुभवलंत त्याला दुःखापेक्षा कोंडी म्हणावं. दुःख तर आपल्या जुन्या आवडत्या कादंबऱ्यांतही भरपूर असतं आणि तिथे आपण रमतो. कोंडी होते ती पात्राला हलायलाच वाव नसला की. कीगनच्या पुस्तकात कमी दुःख नाही, पण फर्लाँगच्या हातात एक दार आहे, ते उघडायचं की लावायचं हे त्याच्याकडे आहे. म्हणून पुस्तक निवडताना विषय भयंकर आहे का हे बघू नका, त्यातला माणूस काही करू शकतो का ते बघा. ज्या दिवशी तेवढंही नको वाटेल, त्या दिवसासाठी सामांथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ घरात असू द्या. २०२४चं बुकर तिला मिळालं. अवकाश स्थानकातली सहा माणसं, चोवीस तास, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, म्हणजे एका दिवसात सोळा सूर्योदय. कथानक जवळपास नाहीच. दोन-दोन पानं वाचून खिडकीबाहेर बघत बसायचं पुस्तक आहे ते. अनेकांना ते कंटाळवाणं वाटतं, आणि गोष्टीच्या ओढीने वाचणाऱ्याला ते वाटणारच. म्हणून मी ते मुख्य यादीत धरत नाही.

तिसरं पुस्तक मला या सगळ्यांत सर्वात जवळचं, त्यामुळे त्याच्यावर थोडी जास्त बोलेन. अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘बाय द सी’, २००१ची. गुर्ना पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर १९४८ साली जन्मले, तिथल्या १९६४च्या क्रांतीनंतरच्या धामधुमीत तरुणपणीच इंग्लंडला आले, तिथे विद्यापीठात शिकवलं. २०२१चं नोबेल त्यांना मिळालं.

साठी ओलांडलेले सालेह ओमर लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर उतरतात. पारपत्र दुसऱ्याच्या नावाचं आहे. तिकीट देणाऱ्याने बजावलंय, इंग्रजी येतं हे कळू देऊ नकोस. त्यांना उत्तम इंग्रजी येतं. तेव्हा समोरचा अधिकारी जे जे बोलतो, ते सगळं त्यांना समजतंय आणि ते गप्प बसलेत. अधिकारी त्यांची पिशवी उघडतो. आत फारसं काही नाही, एक महोगनीची छोटी पेटी, तीत ऊद. उद-अल-कमारी, उत्तम प्रतीचा धूप. मोसमी वाऱ्यांवर जहाजं हाकत पर्शियन आखातातून येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालेला, उरलेला शेवटचा साठा. आयुष्यभराच्या संसारातून हा माणूस एवढंच घेऊन निघालाय. अधिकारी पेटी उघडतो, वास घेतो. त्याला तो वास ओळखीचा वाटतो. आणि बोलता बोलता तोच सांगतो की माझे आईवडीलही निर्वासित म्हणूनच इथे आले होते, रुमानियातून.

हे सगळं पहिल्या पंचवीसेक पानांत. पेटीचं पुढे काय होतं ते सांगत नाही. पण बघा, झांझिबारचा इतिहास, हिंदी महासागरावरचा व्यापार, वसाहतींची भांडणं, हे सगळं त्या एवढ्याशा पेटीतून बाहेर येतं. गुर्ना कुठेही इतिहास शिकवायला बसत नाहीत. मग ज्याचं नाव या पारपत्रावर आहे त्याचा मुलगा भेटायला येतो. तोही इंग्लंडमध्येच आहे, आता प्राध्यापक आहे. दोन घरांचं एक जुनं भांडण आहे, एका घरावरून आणि त्यातल्या सामानसुमानावरून. आता इंग्लंडमधल्या समुद्राकाठच्या एका लहान गावात, परक्या हवेत, हे दोघं समोरासमोर बसतात आणि ‘तुमच्या बाजूने काय घडलं ते सांगा’ असं एकमेकांना म्हणतात. भाऊबंदकी काय असते हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. या कादंबरीचा वेग मंद आहे, मधल्या भागात तर फारच. तिथे सोडू नका. दोघांच्या हकिगती एकमेकींना कुठे छेद देतात हे कळायला ती सावकाशी लागते.

चौथं नाव काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’. १९८९ची आहे, आजची म्हणायला थोडी जुनी, पण ती वगळून पुढच्यांकडे जाणं मला जमत नाही, कारण पात्र आपल्याशी खोटं बोलत असतं तेव्हा कसं वाचायचं हे ती शिकवते. लेखक नागासाकीचे, पाच वर्षांचे असताना इंग्लंडला आले, २०१७चं नोबेल. स्टीव्हन्स हा एका मोठ्या हवेलीतला मुख्य नोकर. वरच्या मजल्यावर त्याचे वडील शेवटचे श्वास मोजताहेत आणि खाली मालकाची महत्त्वाची परिषद चालू आहे, पाहुण्यांना पेयं द्यायचीत. तो देत राहतो. मालक विचारतात, स्टीव्हन्स, तुम्ही रडताय की काय? आपण रडलो हे स्टीव्हन्स स्वतः कुठेच सांगत नाही, दुसऱ्याच्या या प्रश्नातून ते आपल्याला कळतं. दिवसाचा शीण आहे, एवढं म्हणून तो तोंड पुसतो. हे पान वाचून झालं की पुस्तक पालथं ठेवून जरा बसा.

पाचवी मोठी आहे, चारशेवर पानांची, आणि ती वाचायची ताकद तोवर तुमच्यात आलेली असेल: नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’, २००६. नायजेरियात १९६७ ते १९७० यादवी झाली, बियाफ्रा नावाचा देश उभा राहिला आणि बुडाला. लेखिका १९७७ची, म्हणजे युद्धानंतर जन्मलेली, पण तिचे दोन्ही आजोबा त्या युद्धात गेले. एवढा मोठा विषय, आणि सुरुवात कुठून? खेड्यातला तेरा वर्षांचा उग्वू एका प्राध्यापकाच्या घरी कामाला येतो. पहिल्यांदा शीतकपाट बघतो, त्यात अख्खी कोंबडी बघतो, आणि रात्री तिचे तुकडे खिशात भरून झोपतो. युद्धाला अजून अवकाश आहे. तोवर ते घर, ती माणसं, त्यांची भांडणं-प्रेमं इतकी आपली झालेली असतात, की नंतर उपासमारीचं वर्णन येतं तेव्हा तो खिसा आठवल्यावाचून राहत नाही.

सहावं पुस्तक अनुवादाविना, थेट वाचा. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’, हिंदीत २०१८ साली आली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळवणारी ती पहिली हिंदी कादंबरी. डेझी रॉकवेल यांचा इंग्रजी अनुवाद सुंदर आहे, पण तुम्हाला हिंदी येत असणारच, मग मधे कुणाला का घ्या? ऐंशी वर्षांची आई, नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली, घरातल्यांकडे पाठ. सगळे उठवताहेत, ती ‘नहीं’ म्हणते. आणि त्या ‘नहीं उठूँगी’चं हळूहळू ‘नई’ होत जातं, नव्याने उठेन. हा एका अक्षराचा खेळ कानाने ऐकायचा आहे. इथेही वाक्यं पसरतात, गोष्ट आडवाटेला जाते. ‘फ्लाइट्स’मध्ये तुम्हाला जे खटकलं ते इथेही आहे, म्हणून ही सहावी. पण भाषा ओळखीची असली की आडवाटेची भीती वाटत नाही. हिच्यानंतर ‘फ्लाइट्स’ पुन्हा उघडून बघा.

तुमच्या लक्षात आलं असेल, सहापैकी चार मूळ इंग्रजीतच लिहिलेली आहेत. तुम्ही सावकाश वाचता म्हणून मी मुद्दाम तसं केलं, पण जग इंग्रजीपुरतं नाही. पुढच्या फेरीसाठी दोन नावं लिहून ठेवा. इटलीतल्या एलेना फेरांते यांची ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’, नेपल्समधल्या दोन मैत्रिणींची, २०११ ते २०१४मधल्या चार खंडांपैकी पहिली. आणि ओमानच्या जोखा अल्हार्थी यांची ‘सेलेस्टियल बॉडीज’, तीन बहिणींची, मूळ अरबी २०१०. अरबीतून आलेल्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं ते पहिल्यांदा हिच्यामुळे, २०१९ साली.

नावं लक्षात राहत नाहीत, त्याचा उपाय याच दोन पुस्तकांत आहे. फेरांतेच्या सुरुवातीला घराघरांप्रमाणे पात्रांची यादी छापली आहे, अल्हार्थींच्या पुस्तकात वंशवेल आहे. बाकीच्यांसाठी आपली आपण करा. पुस्तकात एक कागदाची पट्टी ठेवायची आणि नाव आलं की पुढे नातं लिहायचं: ‘आयलीन, बायको, हिशेबी’. उच्चार बरोबर आहे की नाही याची चिंता सोडा, मनातल्या मनात म्हणता येईल असं काहीही म्हणा. तसंच, प्रत्येक अनोळखी शब्दाला फोन हातात घेऊ नका. फोन हातात आला की दहा मिनिटं गेली आणि फर्लाँग कोळशाच्या खोलीच्या दारात उभाच. शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारा, प्रकरण संपलं की एकदम बघा. निम्म्या शब्दांचा अर्थ तोवर लागलेला असतो.

अनुवादित पुस्तक घेताना अनुवादकाचं नावही बघत चला. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम लेखक आणि अनुवादक यांना अर्धी-अर्धी मिळते, आणि ते अगदी योग्य आहे. एखादा अनुवाद अडखळवत असेल, तर दुसरा आहे का हे बघण्यात कमीपणा नाही.

आता राहिली ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’. तिच्या लेखिका हान कांग दक्षिण कोरियाच्या ग्वांगजू शहरात जन्मल्या. १९८०च्या मे महिन्यात लष्कराने त्याच शहरात निदर्शकांवर गोळ्या चालवल्या, त्याच्या काही महिने आधी त्यांचं कुटुंब सेऊलला गेलं होतं. २०२४चं नोबेल त्यांचं. विसाव्या पानावर तुम्ही जिथे थांबलात, तिथे एक शाळकरी मुलगा व्यायामशाळेत ठेवलेल्या प्रेतांच्या नोंदी वहीत घेतोय, वास मारावा म्हणून मेणबत्त्या लावतोय. आणि लेखिका त्याला ‘तू’ म्हणते. झोप उडाली ती त्या ‘तू’मुळे, कारण वाचताना तो ‘तू’ आपणच होतो. तुम्हाला पुस्तक समजलं नाही म्हणून तुम्ही ते मिटलं नाहीत. फार नीट समजलं म्हणून मिटलंत.

ते परत घ्याल तेव्हा रात्री घेऊ नका. सात भाग आहेत, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि सालं पुढे सरकत जातात, १९८०पासून २०१३पर्यंत. दिवसा, एका बैठकीत एकच भाग, मग दोन दिवस दुसरं काही. सहावा भाग त्या मुलाच्या आईचा आहे, २०१० सालातला. तिथे पोचाल तेव्हा मुलगा तुमच्या ओळखीचा झालेला असेल. आणि नाहीच घ्यावंसं वाटलं, तर नका घेऊ. पुस्तकं रागावत नाहीत.

सहाही एकदम आणू नका. कीगनची एकच आणा, चार-पाच दिवसांत होईल. झाली की मला एक गोष्ट जरूर लिहा. शेवटच्या पानानंतरची पहिली रात्र त्या घरात कशी गेली असेल? फर्लाँगने केलं ते मला पटलेलं आहे, पण दर वेळी पुस्तक मिटल्यावर मी आयलीनचा विचार करत बसते. तिला त्या रात्री काय वाटलं असेल हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि पाच माणसांचा संसार कधीतरी ओढलेल्या बाईचं त्यावर काय म्हणणं आहे, ते मला ऐकायचं आहे.